डबल बेस ‘ऐकू येत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं धरलं असेल तर लगेच कळेल. बरीच वर्षं बेस गिटार वाजवल्यावर तुम्ही गेले सहा महिने उसना आणलेला प्लायवूडचा डबल बेस वाजवताय. बँड हौशी आहे: दोन अकूस्टिक गिटार, एक फिडल, एक गायिका आणि ब्रशने वाजणारा एकच स्नेअर ड्रम. गाणी जुनं स्विंग, कंट्री, थोडं ब्लूग्रास. बाकीच्यांची तक्रार अशी की बेस ऐकू येत नाही, आणि येतो तेव्हा नुसता घुमतो. म्हणून तुम्ही जोर लावता, आणि तासाभरात उजव्या बोटाला फोड येतो, डावा अंगठा आखडतो. तेव्हा पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संदेशात बदलणारं उपकरण) आणि अ‍ॅम्प घ्यावा की सरळ चांगला बेसच घ्यावा, हा प्रश्न. शेवटी जरा बिचकत विचारलंय की काही गाणी बेस गिटारवर वाजवली तर चालेल का.

खरेदीचं आधी सांगून टाकतो: इतक्यात दोन्ही घेऊ नका. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘घुमतो’ या दोन तक्रारी एकत्र आल्या की मला आवाजाच्या पातळीबद्दल शंका कमी येते. आवाज तिथे आहे, पण सूर कुठे सुरू झाला, कुठला होता आणि कुठे संपला हे समोरच्याला उमगत नाहीये. अ‍ॅम्प लावलात तर हीच न उमगणारी गोष्ट मोठ्याने ऐकू येईल.

अर्थात हे सगळं तुमच्या बँडच्या रचनेवर अवलंबून आहे. ड्रमर काठ्या घेऊन पूर्ण सेटवर बसला असता किंवा एक जरी इलेक्ट्रिक गिटार असती, तर मी उलट सांगितलं असतं: अ‍ॅम्पशिवाय तिथे बेसवाल्याने उभंच राहू नये, हात मोडून घ्याल. गप्पा मारणाऱ्या लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये वाजवायचं असेल तरीही तेच. पण अकूस्टिक गिटार, फिडल आणि ब्रश एवढ्याच मंडळींत, सरावाच्या खोलीत किंवा शांत बसलेल्या पन्नासेक माणसांसमोर, साधा प्लायवूडचा बेस अ‍ॅम्पशिवाय पुरतो. पुरत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

थोडं ध्वनिशास्त्र, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं. बेसची मोकळी ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. ए ५५, डी ७३, जी ९८. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ वर, म्हणजे आपल्या ई च्या बरोब्बर एक सप्तक वर. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. एवढी लांब लहर जोरकसपणे बाहेर टाकायला डबल बेसचं भलंमोठं खोकंसुद्धा लहान पडतं. त्यामुळे खालच्या पट्ट्यात मूळ कंपन क्षीणच असतं, आणि आपण ज्याला ‘ई’ म्हणून ओळखतो तो कानाने वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे ८२, १२४, १६५ अशा कंपनांवरून, जुळवलेला असतो. आता तुमच्या दोन गिटार सहाच्या सहा तारांवर एकसारख्या झोडपत असतील तर त्या नेमक्या कुठे वाजतात? ८२ पासून वर. तुमच्या सुराची ओळख ज्या जागेत आहे तिथेच. ओळख झाकली गेली की खाली उरते ती गुणगुण, आणि तिलाच तुमचे मित्र ‘घुमतो’ म्हणतात. दोन तक्रारी, कारण एकच.

म्हणून पहिला उपाय तुमच्या हातात नसून गिटारवाल्यांच्या हातात आहे. येत्या सरावाला एखादं गाणं असं वाजवून बघा: दोन्ही गिटार फक्त वरच्या, म्हणजे बारीक, चार तारांवर. दुसऱ्यांदा त्याच गाण्यात एका गिटारला पाचव्या किंवा सातव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून त्याच कॉर्ड वेगळ्या आकारांत धरायला सांगा, म्हणजे दोन गिटार एकमेकींवरही चढणार नाहीत. तुम्ही मात्र नेहमीपेक्षा हळू वाजवा. यानंतर बेस ‘अचानक’ ऐकू आला असं कोणीतरी म्हणेल, कारण आत्तापर्यंत त्याची जागा व्यापलेली होती. पियानोवाला असता तर हीच विनंती त्याच्या डाव्या हाताला करावी लागली असती, आणि माझ्या अनुभवात ती विनंती सगळ्यात अवघड. पियानोवाले डावा हात सोडायला तयार नसतात.

ही गोष्ट सांगायची कशी, हेही हौशी बँडमध्ये महत्त्वाचं. तिथे कोणी कोणाचा पगार देत नाही, सगळे हौसेने येतात, आणि ‘तू फार वाजवतोस’ हे वाक्य एकदा बोललं गेलं की पुढचे दोन सराव तणावात जातात. मी तक्रारीऐवजी प्रयोग मांडतो: ‘पहिल्या कडव्यात तू वरच्या तारांवरच रहा, दुसऱ्यात सगळ्या उघड, बघू कसं वाटतं.’ गिटारवाल्याला स्वतःलाच फरक ऐकू आला की पुढे सांगावं लागत नाही. आणि खरंच, कडव्यागणिक असा चढउतार मिळाला की गाणंही सुधारतं.

आता तुमच्या बाजूला येऊ. बेस गिटारवरून आलेल्या माणसाच्या हाताला सुराची लांबी ठरवायची सवय असते, पण डबल बेसवर ती सवय जरा वेगळ्या तऱ्हेने कामाला लावावी लागते. तुमच्या कंट्री आणि ब्लूग्रासच्या गाण्यांत बेस पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, मूळ स्वर आणि पंचम, आणि दुसऱ्या-चौथ्यावर गिटार किंवा मँडोलिनचा तुटक ‘चक्’. तुमचा पहिल्या ठोक्याचा सूर दुसऱ्या ठोक्यावरही वाजत राहिला तर त्या ‘चक्’चं टोक बोथट होतं. तो सूर दुसऱ्या ठोक्याच्या जरासा आधी आवरला की खोलीत एकदम हवा खेळते, आणि गंमत म्हणजे आखूड केलेला बेसच जास्त ठळक वाटतो. स्विंगमध्ये चारही ठोक्यांवर चालत्या बेसलाइन वाजवताना मात्र उलट: प्रत्येक सूर पुढच्याला भिडेपर्यंत धरायचा, मधे फट दिसू द्यायची नाही. संथ गाण्यात तर सूर शेवटपर्यंत गाऊ द्यायचा. सगळीकडे एकच लांबी, हे हौशी बेसवाल्यांमध्ये फार दिसतं.

सूर आवरायचा म्हणजे डाव्या बोटाचा दाब सोडायचा, बोट तारेवरून उचलायचं नाही. उचललंत तर मोकळी तार वाजू लागेल. मोकळ्या तारेचा सूर असेल तर डाव्या हाताची दोन-तीन बोटं आडवी ठेवून तो थांबवायचा. आणखी एक गोष्ट बेस गिटारवर फारशी जाणवत नाही, इथे जाणवते: न छेडलेल्या तारा आपणहून गुंजतात. जी तारेवर ए वाजवा, खालची ए तार सोबत गुणगुणायला लागते. तो तुमच्या ‘घुमतो’चा एक भाग आहे. वरच्या तारांवर वाजवताना डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी खालच्या तारांना नुसता स्पर्श करून ठेवा.

सुराची सुरुवात, हा याहून महत्त्वाचा मुद्दा. डबल बेसचा सूर उठायला क्षणभर लागतो, बेस गिटारपेक्षा नक्कीच जास्त. तुम्ही बेस गिटारच्या हिशेबाने बरोबर ठोक्यावर बोट सोडता आणि सूर किंचित मागाहून पोचतो. बाकीचे नकळत तुमची वाट बघणं सोडून देतात. बोट ठोक्याच्या आधी तारेवर टेकलेलं असलं पाहिजे, आणि ठोक्यावर ते तारेतून निघालेलं असलं पाहिजे. जुन्या लोकांनी या सुरुवातीवर किती भर दिला होता बघा. जुलै १९५४ मध्ये सन रेकॉर्ड्ससाठी एल्विस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा ड्रमर नव्हताच. ब्लॅक तार ओढून फिंगरबोर्डवर (मानेवरच्या लाकडी पट्टीवर) आपटत होता, आणि त्या टक-टक आवाजाने ड्रमची जागा भरून काढली. स्लॅप म्हणतात तो प्रकार हाच. तुम्ही लगेच स्लॅप शिका असं मी म्हणत नाही (बोटांची सध्याची अवस्था बघता तर मुळीच नाही), पण त्यातला धडा घ्या: माणसाचा कान बेस पकडतो तो सुराच्या तोंडाशी असलेल्या त्या ‘टक्’वरून.

मग तो ‘टक्’ जोर न लावता कसा मिळवायचा? तुम्ही लिहिलंय की दोन बोटांच्या शेंड्यांनी वाजवता, बेस गिटारसारखं. तर्जनी जवळजवळ तारेला समांतर झोपवा आणि तिची बाजू, शेवटच्या पेराचं मांसल अंग, तारेला लावा. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवा. तारेला बोटाने ओढू नका. कोपरापासून हाताचं वजन तारेवर येऊ द्या आणि बोट तारेतून आरपार जाऊन खालच्या तारेवर विसावू द्या. जागा फिंगरबोर्डच्या अगदी शेवटाजवळ. तिथून मानेकडे सरकलात की सूर गोल आणि मऊ होतो, संथ गाण्याला छान, पण गर्दीत हरवतो. घोडीकडे (तारा जिच्यावर टेकतात तो खोक्यावरचा लाकडी तुकडा) सरकलात तर तार दगडासारखी लागते. एका मर्यादेनंतर जोर वाढवून आवाज वाढत नाही: तार फिंगरबोर्डवर आपटते, सूर सुरुवातीला चढा लागून मग खाली घसरतो, आणि त्या घसरण्यात स्वराची ओळख आणखी पुसट होते. म्हणजे जोर लावून तुम्ही स्वतःचा बेस कमी ऐकू येईल अशीच व्यवस्था करत होता.

डाव्या अंगठ्याचं दुखणं बहुतेक याच जुन्या सवयीतून आलंय. बेस गिटारची तार साधारण ८६ सेंटिमीटर लांब, तिथे एका पडद्याला एक बोट चालतं. डबल बेसची १०५ च्या आसपास. इथे मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वरच जवळजवळ ६ सेंटिमीटरवर आहे. पहिल्या अर्धस्वरापासून चौथ्यापर्यंत चार बोटं ताणायची तर १६ सेंटिमीटरचा पसारा होतो, आणि हात ताणला की अंगठा चिमट्यासारखा आवळतो. म्हणून खालच्या पट्ट्यात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात. तिसरं चौथ्याच्या मदतीला. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकच पूर्णस्वर, म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर. त्यापलीकडचा स्वर हवा असेल तर अख्खा हात सरकवायचा, बोटं ताणायची नाहीत. अंगठा दुसऱ्या बोटाच्या समोर, सैल. खरं तर अंगठा मानेवरून पूर्ण उचलूनही तार दाबता आली पाहिजे, कारण दाब हाताच्या वजनाने मागे खेचून येतो. रोज एक-दोन मिनिटं अंगठा उचलून सावकाश सप्तक वाजवा, आठवड्याभरात फरक कळेल.

फोडांबद्दल: बोटाच्या शेंड्यावर फोड येत असतील तर वर सांगितलेली पद्धत बदलल्यावर त्यांची जागाच बदलेल आणि कातडी तिथे हळूहळू घट्ट होईल. आठवड्यातून एकदा दोन तास वाजवणाऱ्याला फोड येतच राहणार. रोज वीस मिनिटं वाजवणाऱ्याला सहसा येत नाहीत. कातडी दुखणं ठीक आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही राहत असेल, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. यात शूरपणा नको.

आणि आता ती गोष्ट जी उसन्या बेसवर हमखास बिघडलेली असते: तारांची उंची. फिंगरबोर्डच्या शेवटाला, बोर्डचा पृष्ठभाग आणि तारेची खालची बाजू यांत किती अंतर आहे ते पट्टीने मोजा. पोलादी तारा असतील आणि बोटांनीच वाजवायचं असेल तर जी तारेखाली ५ ते ६ मिलिमीटर आणि ई तारेखाली ८ ते ९ मिलिमीटर ही माझ्या मते माणसाला झेपणारी मापं. कोपऱ्यात पडून राहिलेल्या बेसवर बारा-बारा मिलिमीटर मी पाहिले आहेत, आणि त्यावर शिकणारी माणसं ‘माझ्या बोटांतच ताकद नाही’ असं समजत असतात. घोडीच्या पायांत फिरणारी चाकं असतील तर तारा थोड्या सैल करून दोन्ही चाकं सारखी, थोडी थोडी फिरवा आणि घोडी सरळ उभी आहे ना हे प्रत्येक वेळी बघा. चाकं नसतील तर घोडी घासायची हे कारागिराचं काम. दुसऱ्या टोकाला, मानेच्या वर जिथे तारा खाचांतून जातात, तिथे तार आणि बोर्ड यांत जाडसर कागद सरकेल एवढीच फट हवी. ती जास्त असेल तर खालच्या पट्ट्यातले सगळे सूर विनाकारण जड जातात, आणि तुमची नव्वद टक्के गाणी तिथेच वाजतात.

एक धोक्याची सूचना. सगळ्या तारा एकदम सैल करू नका. आत, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाजवळ एक लाकडी खुंटी उभी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. चारही तारा मिळून शंभर किलोच्या वर ताण देतात. तो गेला की खुंटी पडते, आणि मग कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

तारा जुन्या असतील तर त्या बदलणं हा बेस बदलण्याच्या तुलनेत फारच हलका खर्च. इथे निवड आवडीवर जाते. थोमास्टिकच्या स्पायरोकोअरसारख्या पोलादी तारा उजळ, लांब टिकणाऱ्या, चालत्या जॅझ बेसलाइनला लाडक्या. आतड्याच्या किंवा आतड्यासारख्या वाटणाऱ्या कृत्रिम तारांचा सूर जाडसर ‘धप्’ करतो आणि लवकर विरतो. तुमच्या गाण्यांना मला दुसरा प्रकार शोभेल असं वाटतं, कारण लवकर विरणारा सूर तुम्हाला मुद्दाम आवरावा लागत नाही. पण खरी आतडी दमट हवेत सुरातून उतरतात आणि हौशी माणसाला ते सांभाळणं जिकिरीचं होतं. पोलादीच ठेवायच्या असतील तर कमी ताणाच्या घ्या. बोटं दुवा देतील.

इथवरचं थोडक्यात: गिटारना वर सरकवा, सूर हवा तिथे आवरा, बोट ठोक्याच्या आधी तारेवर ठेवा, तारांची उंची मोजा. एवढ्यावरच तुमची बरीचशी तक्रार मिटेल असा माझा अंदाज आहे. उरलेली बहुधा सुरांत आहे.

याबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलतो. डबल बेस किंचित बेसूर असला तर हौशी बँडमध्ये कोणी ‘तू बेसूर आहेस’ म्हणत नाही. म्हणतात, ‘बेस नीट ऐकू येत नाही.’ कारण खालच्या पट्ट्यात कानाला स्वराची नेमकी उंची पटकन ठरवता येत नाही, पण तुमच्या सुराचे उपस्वर गिटारच्या स्वरांवर बसले नाहीत की एकूण आवाज चिखल होतो, हे त्याला लगेच कळतं. पडदे नाहीत, तेव्हा खुणा लागतात. मानेची टाच, म्हणजे मान जिथे खोक्याला मिळते तो वाक, ही सगळ्यात भरवशाची खूण: अंगठा तिथे टेकवला की बऱ्याच बेसवर पहिलं बोट जी तारेच्या डी वर येतं, काहींवर ई फ्लॅटवर. तुमच्या बेसवर काय येतं ते एकदा पक्कं करून घ्या. घरी तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर गाण्याचा षड्ज लावून ठेवा आणि बेसलाइन अगदी संथ वाजवा. शक्य असेल तर गजाने. छेडलेला सूर विरून जातो आणि खोट झाकतो. गज ती झाकू देत नाही. बँडमध्ये गज कधीच काढणार नसलात तरी घरी दहा मिनिटं गज वाजवा असं मी सगळ्यांना सांगतो, आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

वाद्य लावताना मोकळ्या खालच्या तारा ट्यूनरवर नाचत राहतात. त्याऐवजी हलक्या स्पर्शाचे स्वर वापरा: वरच्या तारेवर एक तृतीयांश लांबीला आणि तिच्या शेजारच्या खालच्या तारेवर एक चतुर्थांश लांबीला नुसता स्पर्श करून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. त्यांच्यात लाटा ऐकू आल्या तर त्या थांबेपर्यंत एक खुंटी फिरवा.

खोलीचंही पाहायला हवं. समजा सरावाची खोली पाच मीटर लांब आहे. त्या लांबीत ३४ आणि ६९ हर्ट्झच्या आसपासच्या लहरी अडकून फुगतात. ६९ म्हणजे ए तारेवरचा सी शार्प. तो एक सूर तिथे ढोलासारखा वाजेल, तर त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या एखाद्या जागी तो जवळजवळ गायब असेल. म्हणून ‘काही सूर घुमतात, काही येतच नाहीत’ अशी तक्रार असेल तर बेसला दोष देण्याआधी तुम्ही जागा बदला. कोपरा टाळा, कारण तिथे सगळंच फुगतं. भिंतीला पाठ करून, भिंतीपासून थोडं पुढे, अर्धवर्तुळाच्या मधोमध उभे रहा; स्नेअर ड्रम तुमच्या शेजारी. बेसचा उजळ, ओळख पटवणारा आवाज समोरून निघतो आणि तुम्ही त्याच्या मागे असता, त्यामुळे तुम्हाला स्वतःला ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवू नका. फोन श्रोत्यांच्या जागी ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि हेडफोनवर ऐका. फोनचा माइक खालची कंपनं फारशी पकडत नाही, आणि आपल्या कामाला तेच बरं: त्यातही तुमची बेसलाइन गुणगुणता येत असेल तर सुरुवात आणि स्वर दोन्ही ठीक आहेत.

एवढं करूनही मोठ्या जागी वाजवायची वेळ येईल तेव्हा पिकअप घ्या. बहुतेक पिकअप पिएझो जातीचे (दाबातून वीज तयार करणारे), घोडीच्या पायाखाली किंवा तिच्या बाजूच्या खाचेत बसणारे. त्यांना पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या संदेशाला होणारा विद्युत विरोध) कमीत कमी १ मेगाओम लागतो, १० असेल तर उत्तम. तुमच्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये सरळ खुपसलात तर आवाज पातळ आणि नाकातला येण्याची शक्यता मोठी. मधे छोटा प्रीअ‍ॅम्प हवा, आणि त्यावर दोन गोष्टी बघून घ्या: हाय-पास फिल्टर आणि फेज उलटवायचं बटण. फिल्टरने ४० हर्ट्झच्या आसपास आणि खालचं सगळं कापून टाका. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिथे संगीत फारसं नसतं, फक्त खोक्याची थरथर असते. शिटी किंवा गुरगुर सुरू झाली की बटण दाबून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने थांबते. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, बेसच्या तोंडासमोर येणार नाही असा. खालच्या सुरांची (‘बेस’) कळ वाढवायचा मोह आवरा. १५० ते २५० हर्ट्झ थोडं कमी आणि ८०० च्या आसपास थोडं जास्त, हे मी पहिल्यांदा करून बघतो. पातळी एवढीच, की अ‍ॅम्प बंद केल्यावर लोकांना कळेल पण चालू असताना कळणार नाही.

नवा बेस? कोरीव लाकडाच्या बेसचा सूर श्रीमंत असतो, वाद नाही. पण तो हवेतल्या ओलाव्याला नाजूक, त्याला चिरा जातात, सांधे उघडतात, आणि अ‍ॅम्पसमोर लवकर गुरगुरतो. मोटारीच्या मागच्या बाजूला कोंबून नेल्या जाणाऱ्या, दारांच्या चौकटींवर आपटणाऱ्या हौशी बँडच्या बेसला प्लायवूड शोभतं. एका वर्षाने, हात बसल्यावर, चांगल्या स्थितीतल्या दोन-चार बेसवर वाजवून बघा आणि मग ठरवा. आत्ता तुम्हाला बेसमधला दोष आणि हातातला दोष वेगळा ओळखता येणार नाही.

राहिलं बेस गिटारचं. चालेल की! त्यात बिचकण्यासारखं काही नाही. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तो पडदे असलेला, खांद्याला अडकवता येणारा, आवाज वाढवता येणारा बेस म्हणूनच, आणि त्यानंतर कित्येक डबल बेसवाल्यांनी दोन्ही वाद्यं बाळगली. तुमच्या गायिकेला ए फ्लॅट किंवा डी फ्लॅट पट्टी लागत असेल आणि गाणं जलद असेल, तर मोकळ्या तारांचा आधार नाही आणि हात सतत दाबलेला. अशी गाणी सध्या बेस गिटारवर द्या. फक्त गाण्यागणिक वाद्य बदलू नका, दोन्हींवरची अंतरं इतकी वेगळी आहेत की डावा हात गोंधळतो. तीन-चार गाणी सलग बेस गिटारवर घ्या, कार्यक्रमाच्या मधल्या टप्प्यात, जिथे हातांना विश्रांती हवीच असते. डबल बेसकडे परत आल्यावर पहिलं गाणं जी किंवा डी पट्टीतलं, मोकळ्या तारांचं आणि दोनच ठोक्यांचं ठेवा, म्हणजे हाताला अंतरं सापडेपर्यंत त्या तारा सूर सांभाळून घेतील.